घरच्या तालमीला जमीन कोणती?

घरी व्यायाम सुरू करायचा म्हटले की आपण आधी काय आणतो? डंबेल्सची जोडी, उड्यांची दोरी, फार तर एखादे बाक. ज्या जमिनीवर उभे राहून हा सारा व्यायाम करायचा, तिचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. आणि तोही बहुधा काहीतरी मोडल्यावर!

माझ्या भाच्याचेच पाहा. गेल्या वर्षी दहावीची परीक्षा संपली आणि त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मागच्या खोलीत, आपली छोटी तालीम थाटली. पहिल्याच आठवड्यात घामेजल्या हातातून 5 किलोग्रॅमचे डंबेल निसटले. फरशीला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा "काय पडले?" म्हणून काठी टेकत वर आले. भाच्याने धडा घेतला. त्याने जमिनीवर हातभर लांबीरुंदीची नव्हे, चांगली खोलीभर जाड फोमची गादी अंथरली. आता फरशी सुरक्षित होती. पण तिसऱ्या दिवशी दोरीवरच्या उड्या मारताना त्याचा पाय गादीत रुतून कलला आणि घोटा मुरगळला. पायाला पट्टी बांधून बसलेला तो मला म्हणाला, "मामा, कडक जमीन वाईट आणि मऊ जमीनही वाईट. मग चांगली जमीन कोणती?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर द्यायला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील निम्मे यांत्रिकी लागते. चला, ते उत्तर आपण मिळून शोधू.

थांबण्याचे अंतर

क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता. का बरे? हात ताठ ठेवला तर चेंडू एक-दोन सेंटिमीटरांत थांबतो आणि तळवा झणझणतो. हात मागे घेतला तर तोच चेंडू तीस-चाळीस सेंटिमीटरांत सावकाश थांबतो. चेंडूची ऊर्जा दोन्ही वेळी तेवढीच असते. फरक असतो तो थांबण्याच्या अंतरात.

जमिनीवर पडणाऱ्या वस्तूलाही हाच नियम लागू पडतो. समजा, एखादी वस्तू काही उंचीवरून पडली आणि जमिनीला टेकल्यानंतर थोडे अंतर दबून थांबली. गुरुत्वाकर्षणाने पडण्याच्या आणि दबण्याच्या सबंध अंतरात जेवढे कार्य केले, तेवढेच कार्य जमिनीला केवळ दबण्याच्या अंतरात, उलट दिशेने करावे लागते. म्हणून,

जमिनीचे सरासरी बल ÷ वस्तूचे वजन = (पडण्याची उंची + थांबण्याचे अंतर) ÷ थांबण्याचे अंतर

आता भाच्याचे डंबेल घ्या. ते 1 मीटर, म्हणजे 100 सेंटिमीटर उंचीवरून पडले. फरशीवर ते 1 मिलिमीटरात थांबले असे धरू. तर बल वजनाच्या 100.1 ÷ 0.1, म्हणजे 1,001 पट होते. पाच किलोग्रॅमचे डंबेल त्या क्षणी फरशीवर सुमारे 5,000 किलोग्रॅमच्या, म्हणजे पाच टनांच्या ओझ्याइतका जोर लावते! फरशी फुटली यात नवल ते काय? त्याच फरशीवर 5 मिलिमीटर दबणारे रबर असेल तर हा आकडा सुमारे 1,000 किलोग्रॅमवर येतो. आणि डंबेल मोकळ्या मातीत पडून 5 सेंटिमीटर रुतले तर? केवळ 105 किलोग्रॅम. पाच टनांवरून एक क्विंटलवर! वस्तू तीच, उंची तीच. बदलले ते फक्त थांबण्याचे अंतर.

हे आकडे सरासरी बलाचे आहेत आणि सोपे करून घेतले आहेत, हे ध्यानात ठेवा. प्रत्यक्षात आघात होताना बल सारखे बदलत असते. पण जमिनीजमिनीतील तुलना त्यांवरून नीट कळते.

गुडघा ही पहिली गादी

हेच गणित आता स्वतःला लावून पाहा. तुम्ही 20 सेंटिमीटर उंच उडी मारली आणि पाय ताठ ठेवून खाली आलात. टाचेची चरबी, पायाची कमान वगैरे मिळून तुमचे शरीर 2 सेंटिमीटरांत थांबले असे समजू. बल किती? 22 ÷ 2, म्हणजे वजनाच्या 11 पट. आता तीच उडी मारा. पण उतरताना घोटे, गुडघे आणि कंबर वाकवून 20 सेंटिमीटरांत थांबा. बल होईल 40 ÷ 20, म्हणजे वजनाच्या फक्त दुप्पट.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दुकानातील कोणतेही अंथरूण तुमच्यासाठी 18 सेंटिमीटर दबणार नाही. ते काम तुमचे गुडघेच करतात. उतरण्याची पद्धत चुकीची असेल तर महागातले महाग रबरही सांध्यांना पुरते वाचवू शकत नाही. जमीन निवडण्याआधी उतरायला शिका!

मग जमिनीला काहीच काम उरत नाही का? उरते. पाय जमिनीला टेकल्यानंतर पहिल्या काही शतांश सेकंदांत स्नायूंना नव्याने सावरायला वेळच मिळत नाही. त्या क्षणी टाचेला बसणारा ठोका मऊ करणे, हे जमिनीचे काम. दोरीवर मिनिटाला शंभर उड्या मारणाऱ्याला हे ठोके दहा मिनिटांत हजार वेळा बसतात. एकेक ठोका लहान असतो. पण हजारांची बेरीज लहान नसते.

मऊपणाची किंमत

"तर मग जमीन जितकी मऊ तितकी चांगली," असे कोणी म्हणेल. भाच्याच्या घोट्याला विचारा! किंवा त्याहून सोपे म्हणजे एक प्रयोग करा.

भिंतीजवळ, हात टेकता येईल असे उभे राहा. एक पाय उचला, डोळे मिटा आणि तोल किती सेकंद राहतो ते मित्राला मोजायला सांगा. आता तोच प्रयोग दुमडलेल्या गादीवर उभे राहून करा. बहुतेकांचा तोल गादीवर फार लवकर जातो. असे का व्हावे? तुमच्या तळपायाच्या त्वचेत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. घोट्याच्या स्नायूंत आणि सांध्यांत ताण ओळखणारी इंद्रिये असतात. शरीर पुढे कलले की बोटांखालचा दाब वाढतो. ही बातमी मेंदूकडे जाते आणि स्नायू लगेच तोल सावरतात. गादीवर पाय कसाही टेकला तरी ती दबते. बातमी अस्पष्ट होते, आणि सावरण्यासाठी बोटांनी जमीन रेटावी तर गादी आणखी दबते. म्हणून सूर्यनमस्कार, वृक्षासन किंवा एका पायावरचा कोणताही व्यायाम जाड फोमवर करू नये.

मऊ जमीन ऊर्जाही खाते. चौपाटीवरच्या कोरड्या वाळूत धावून पाहा. थोड्याच वेळात दम लागतो. पायाने दिलेल्या रेट्याचा मोठा भाग वाळूचे कण इकडेतिकडे सारण्यात खर्च होतो. वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते, असे मापनांतून दिसले आहे.

या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी योग्य जागा असली पाहिजे. ती नेमकी कोठे, हे शोधण्याचा एक सुंदर प्रयत्न अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1970 नंतरच्या दशकात झाला. थॉमस मॅकमहॉन आणि पीटर ग्रीन या दोघांनी धावणाऱ्या माणसाचा पाय म्हणजे एक स्प्रिंग आहे असे मानले. मग त्यांनी निरनिराळ्या ताठपणाच्या धावपट्ट्यांवर माणसे पळवून पाहिली. अगदी फोमच्या उशांवरसुद्धा! उशांवर वेग घसरला, हे तर अपेक्षितच होते. पण गंमत पुढेच आहे. काँक्रीटसारख्या अगदी कठीण पट्टीवर वेग सर्वांत जास्त नव्हता. पायाच्या स्प्रिंगशी ताठपणा जुळवलेली, किंचित दबून लगेच उसळणारी पट्टी सर्वांत वेगवान ठरली. त्या हिशोबाने 1977 मध्ये विद्यापीठाने छताखालची नवी धावपट्टी बांधली. तिच्यावर धावपटूंचा वेग दोन-तीन टक्क्यांनी वाढला आणि दुखापतीही कमी झाल्या. म्हणजे चांगली जमीन कडकही नसते आणि मऊही नसते. ती पायाशी आणि कामाशी जुळलेली असते.

दबणे वेगळे, उसळणे वेगळे

इथे एक बारकावा आहे. जमीन किती दबते, हा एक गुण. आणि दबल्यावर ऊर्जा किती परत करते, हा दुसरा गुण. माती दबते पण उसळत नाही. रबर दबते आणि बऱ्यापैकी उसळते. धावणाऱ्याला उसळणारी जमीन हवी, कारण त्याचा रेटा त्याला परत मिळतो. पाठीवर पडणाऱ्या मल्लाला न उसळणारी जमीन हवी. आणि डंबेलखाली फार उसळणारे रबर नको. नाहीतर फरशी वाचेल, पण डंबेल उडून पायाच्या बोटावर येईल!

उसळी मोजायला सायकलच्या दुकानातून एक मोठासा छर्रा आणा. भिंतीला मोजपट्टी उभी लावा. 50 सेंटिमीटर उंचीवरून छर्रा शहाबादी फरशीवर, लाकडी पाटावर, रबराच्या तुकड्यावर, फोमवर आणि कुंडीतल्या मातीवर सोडा. प्रत्येक वेळी तो किती उसळला ते लिहा. उसळीची उंची भागिले सोडण्याची उंची म्हणजे परत मिळालेल्या ऊर्जेचा अंश. छर्रा 30 सेंटिमीटर उसळला तर 60 टक्के ऊर्जा परत मिळाली. उरलेली 40 टक्के कोठे गेली? उष्णतेत, आवाजात आणि पृष्ठभागाचा आकार बदलण्यात. वर्गात गट पाडून हा प्रयोग केला तर अर्ध्या तासात एक छान कोष्टक तयार होईल.

पाय धरणारी जमीन

आता घर्षणाकडे वळू. जोर काढताना हात पुढे सरकू नयेत, उडीवरून उतरताना पाय घसरू नये, यासाठी जमिनीने पकड दिली पाहिजे. गुळगुळीत चकचकीत फरशी कोरडी असताना ठीक वाटते. पण तिच्यावर घामाचे चार थेंब पडू द्या! तळपाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो, दोन्ही पृष्ठभागांचा थेट स्पर्श सुटतो आणि पाय निसटतो. खडबडीत किंवा खाचा असलेल्या पृष्ठभागावर पाण्याला बाजूला जायला जागा मिळते. म्हणून तिथे पकड टिकते. पायमोजे घालून फरशीवर व्यायाम करणे तर संकटाला आमंत्रणच.

पकड मोजणेही सोपे आहे. एका फळीवर मॅटचा तुकडा घट्ट चिकटवा. त्यावर तुमचा बूट ठेवा, बुटात एखादे वजन घाला आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. बूट ज्या क्षणी घसरू लागेल तिथे थांबा. त्या वेळी वर गेलेल्या टोकाची उंची भागिले फळीखालच्या आडव्या पायाची लांबी म्हणजे स्थैतिक घर्षणाचा गुणांक. एक मीटरच्या फळीचे टोक 50 सेंटिमीटर उचलले गेले तर आडवा पाया सुमारे 87 सेंटिमीटर असतो आणि गुणांक येतो सुमारे 0.57. हाच प्रयोग मॅट ओली करून पुन्हा करा. ज्या मॅटचा गुणांक ओली झाल्यावर फारसा कमी होत नाही, ती चांगली.

मात्र दोन गोष्टी विसरू नका. एक, मॅटने पाय धरला तरी मॅट स्वतःच फरशीवरून सरकली तर उपयोग काय? गुळगुळीत फरशीवर नुसती सतरंजी टाकली की नेमके हेच होते. म्हणून मॅटच्या खालच्या बाजूचीही परीक्षा करा. दुसरी गोष्ट, पकड फार जास्त असणेही बरे नाही. बूट रबराला घट्ट चिकटून राहिला आणि शरीर गर्रकन वळले, तर तो पीळ गुडघ्यावर येतो. नाचणारे आणि बॅडमिंटन खेळणारे लाकडी जमीन पसंत करतात, याचे एक कारण हे की तिथे पाय धरलाही जातो आणि गरजेपुरता वळूही शकतो.

तालमीच्या हौद्यातले विज्ञान

आपल्याकडच्या तालमींनी जमिनीचा हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत गेलात तर मधोमध तांबड्या मातीचा हौदा दिसेल. माती चाळून घेतलेली असते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू असे पदार्थ घालून ती मुरवतात. कोरडी माती धुळीसारखी उडते आणि पायाखालून सरकते. फार ओली झाली तर चिखल होतो. किंचित ओलावा आणि तेल यांमुळे कण एकमेकांना हलकेच धरून राहतात. आणि जोराचा आघात झाला की ते एकमेकांवरून सरकतात व ऊर्जा खाऊन टाकतात. मल्ल पाठीवर आपटला तरी माती त्याला परत उडवत नाही. पायाची बोटे मातीत किंचित रुतत असल्यामुळे पकडही मिळते.

आणि रोज पहाटे पठ्ठे फावड्याने हौदा का खणतात? कारण पायांखाली आणि अंगांखाली माती दबत जाते. कणांमधली पोकळी नाहीशी होते, थांबण्याचे अंतर घटते आणि मऊ हौद्याची कठीण जमीन होते. खणले की पोकळी पुन्हा येते. जमीन एकदा घातली की काम संपले असे नसते. तिची राखण करावी लागते, हा धडा हौदा आपल्याला देतो.

जमीन बदलली की व्यायामही बदलतो, याचे मोठे उदाहरण म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांची कुस्ती मातीत घडलेली. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर लढावे लागले आणि ते सहावे आले. मॅटवर पाय रुतत नाही, हालचाल वेगळी करावी लागते. मॅटवरच्या कुस्तीची तयारी करून ते 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारतातील खेळाडूने वैयक्तिक खेळात मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते.

रबर आणि फोम

दुसऱ्या मजल्यावर हौदा काही खणता येणार नाही! तिथे बाजारातील मॅटच आणावी लागते. त्यांचे मुख्य प्रकार दोन.

पहिला प्रकार रबराचा. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर याला आढळले की रबर गंधकाबरोबर तापवले तर ते टिकाऊ आणि लवचीक बनते. रबराचे रेणू म्हणजे लांबलचक, गुंतलेल्या साखळ्या. गंधक त्यांच्यामध्ये जागोजागी पूल बांधते. त्यामुळे दाबल्यावर साखळ्या सरकून निघून जात नाहीत, तर दाब काढताच मूळ जागी येतात. व्यायामशाळांतील काळ्या मॅटा बहुधा जुन्या टायरांचा भुगा चिकटवून केलेल्या असतात. त्या जड, घट्ट आणि टिकाऊ असतात. नव्या मॅटला उग्र वास येतो. म्हणून ती काही दिवस गच्चीत, सावलीत मोकळ्या हवेवर ठेवावी. कडक ऊन मात्र नको. त्याने रबराला भेगा पडतात.

दुसरा प्रकार फोमचा. एकमेकांत अडकणारे जे रंगीत चौकोन दुकानात दिसतात, ते बहुधा ई.व्ही.ए. नावाच्या प्लॅस्टिकच्या फोमचे असतात. फोम म्हणजे हवेच्या असंख्य बारीक बुडबुड्यांची वस्ती. बुडबुडे बंद असतील तर पाणी आत शिरत नाही. उघडे असतील, जसे स्पंजात असतात, तर घाम आत मुरतो आणि बुरशी येते. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. तो तसाच राहिला तर ठीक. जिरला तर तो फोम व्यायामाला घेऊ नका. फोम हलका आणि उबदार असतो; जमिनीवर बसून किंवा झोपून करायच्या व्यायामाला उत्तम. पण जड बाकाचे पाय त्यावर ठेवले तर बुडबुडे चेपतात आणि कायमचे खड्डे पडतात.

वजन उचलण्यासाठी तर मऊ जमीन मुळीच नको. ऑलिंपिकमधील वजन उचलण्याचा मंच 4 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि कठीण असतो. खेळाडूंच्या बुटांचे तळही कठीण असतात. पायाखाली काही दबले तर रेटा वाया जातो आणि तोल ढळतो. मग वजन खाली टाकल्यावर मंच फुटत नाही का? त्यासाठी वजनाच्या चकत्यांनाच रबर चढवलेले असते. म्हणजे गादी माणसाच्या पायाखाली नाही, वजनाच्या भोवती आहे. किती साधी आणि हुशार युक्ती!

फरशी, स्लॅब आणि खालचे आजोबा

घरातील स्लॅब हे ओझे पेलेल का, अशी काळजी पालकांना वाटते. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे 200 किलोग्रॅम चल भार धरून आखतात. दोनतीन चौरस मीटर जागेत तुम्ही आणि तुमची डंबेल्स मिळून याच्या जवळपासही जात नाहीत. मात्र जुन्या वाड्यातील लाकडी तुळयांच्या मजल्याला किंवा गळून कमकुवत झालेल्या स्लॅबला हा हिशोब लावू नका. तिथे जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

फरशीचा प्रश्न एकूण भाराचा नसून दाबाचा असतो. बाक आणि त्यावरचा माणूस मिळून 100 किलोग्रॅम आणि बाकाचा प्रत्येक पाय 4 चौरस सेंटिमीटर धरा. प्रत्येक पायाखाली 25 ÷ 4, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वासहा किलोग्रॅम दाब येतो. तोच पाय 20 सेंटिमीटर चौरस फळीच्या तुकड्यावर ठेवला तर क्षेत्रफळ शंभर पट होते आणि दाब शंभरावा हिस्सा. म्हणून रबराखाली जाड प्लायवूड घालण्याची पद्धत आहे. आणखी एक करा. फरशी बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खालचा चुना किंवा सिमेंट सुटलेले आहे. त्या फरशीवर वजने ठेवू नका. तीच आधी फुटेल.

राहिले खालचे आजोबा. बोलण्याचा आवाज हवेतून जातो. पण डंबेलचा ठोका स्लॅब आणि भिंती यांमधून थेट प्रवास करतो. मॅट आघाताचा वेळ लांबवते, त्यामुळे तीक्ष्ण 'खट्' नाहीसा होतो. उडीचा जड 'धप्' मात्र पातळ मॅटने थांबत नाही. त्यावर उपाय मॅटमध्ये नाही. उड्या अंगणात मारणे आणि वजन टाकण्याऐवजी ठेवणे, हाच खरा उपाय.

मग निवड कशी करावी?

आता सगळे धागे एकत्र आणू. "सर्वांत चांगली जमीन कोणती?" असे विचारू नका. "मी कोणता व्यायाम करणार?" असे आधी विचारा.

सूर्यनमस्कार, आसने, जोर-बैठका करायच्या असतील तर घराची सपाट, कोरडी जमीन आणि तिच्यावर न सरकणारी, चार-सहा मिलिमीटरांची पातळ मॅट पुरते. पाठीवर झोपून करायच्या व्यायामाला बंद बुडबुड्यांचा फोम घ्या. डंबेल्ससाठी प्लायवूडवर 10 मिलिमीटर किंवा अधिक जाडीचे घट्ट रबर घ्या. ते सबंध खोलीभर नको. वजने जिथे उचलता आणि ठेवता तेवढ्याच जागेत पुरे. दोरीवरच्या उड्यांना अंगणातील किंवा मैदानावरची सपाट, चोपलेली माती सर्वांत बरी. घरातच मारायच्या तर घट्ट रबर चालेल, जाड गादी कधीही नको. आणि पावसाळ्यात कोणतीही मॅट आठवड्यातून एकदा उचलून खालची जमीन पुसा आणि मॅटही वाळवा. नाहीतर खाली ओल धरून बुरशी वाढते.

दुकानात मॅट निवडताना अंगठ्याने जोराने दाबून पाहा. ती किंचित दबली आणि अंगठा काढताच वर आली तर उत्तम. अंगठा थेट तळाला टेकला तर ती फार मऊ. खड्डा तसाच राहिला तर ती लवकर चेपणार.

भाच्याने काय केले, हे तुम्हाला ऐकायचे असेल. घोटा बरा होईपर्यंत त्याने छर्ऱ्याचा आणि फळीचा प्रयोग करून वहीत कोष्टक मांडले. गादी गेली माळ्यावर. मागच्या खोलीत आता प्लायवूडचा एक तुकडा आणि त्यावर सतरंजीएवढे रबर आहे. फुटलेली फरशी त्याच्याखाली झाकली गेली आहे. उड्या तो खाली, इमारतीच्या मागच्या मातीत मारतो. खालचे आजोबा खिडकीतून त्या मोजतात.

फरशी फुटली तर गवंडी नवी बसवून देतो. गुडघा मात्र आयुष्यभर एकच वापरायचा असतो. म्हणून पुढच्या वेळी वजन उचलण्याआधी एकदा खाली पाहा, आणि पायाखालची जमीन पारखून घ्या.